गर्भपाताचा पूर्वेतिहास आणि सहृदय प्रतिसाद

पूर्वी झालेल्या किंवा करून घेतलेल्या गर्भपाताविषयी एखादी स्त्री सांगते, तेव्हा डॉक्टर, परिचारिका वा समुपदेशकाने तिला दोष न देता ऐकून घेणे आणि तिच्या गरजेपुरतीच पुढची विचारपूस व मदत करणे, याला सहृदय प्रतिसाद म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ७.३ कोटी प्रेरित, म्हणजे करून घेतलेले, गर्भपात होतात. त्यामुळे स्त्रीरोग विभागातच नव्हे, तर भूल देण्यापूर्वीच्या तपासणीत किंवा मानसोपचाराच्या बैठकीतही हा विषय निघतो.

बहुधा तो आकड्यांतून निघतो. किती वेळा दिवस राहिले, बाळंतपणे किती झाली, हे विचारताना केसपेपरवरची मान वर उठत नाही. हिशेब जुळला नाही की पेन थबकते आणि ‘मग एकाचे काय झाले?’ असा प्रश्न येतो. आपोआप झालेला आणि करून घेतलेला गर्भपात वैद्यकीय नोंदीत पुष्कळदा एकाच रकान्यात जातात. मराठीत ‘पडले’ आणि ‘पाडले’ यांत एका कान्याचेच अंतर असले, तरी सांगणारीच्या लेखी ते फार मोठे असते. म्हणून तिने वापरलेलाच शब्द आपणही वापरावा. ‘पाडले’ हा शब्द तर तिच्या तोंडी मुळीच घालू नये.

‘का केले?’ या प्रश्नाचा उपचाराला क्वचितच उपयोग होतो. कितवा महिना होता, औषधे घेतली की शस्त्रक्रिया झाली, नंतर ताप वा अतिरक्तस्राव झाला का, ही माहिती मात्र कामाची असते. तीही कारण सांगून विचारावी. ‘तुमचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह आहे, आधीच्या गरोदरपणामुळे रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार झाली असतील तर आताच्या बाळाला त्रास होऊ शकतो, म्हणून विचारते,’ एवढे म्हटले तरी चौकशीतला उलटतपासणीचा सूर जातो.

तिला काय वाटत असेल हे गृहीत धरणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. पहिल्या तिमाहीतील एका ऐच्छिक गर्भपातामुळे मानसिक आजाराचा धोका, नको असलेले गरोदरपण पूर्ण करण्यापेक्षा वाढत नाही, असा निष्कर्ष अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये काढला. अनेकींना सुटकाच वाटते. त्यांच्याकडे दयार्द्र नजरेने पाहणे हाही एक अपमानच. उलट काहींना वर्षानुवर्षे दुःख होते, आणि ते कोणाजवळ बोलता येत नाही. शोकाचे अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडलेली ‘समाजमान्यता नसलेला शोक’ ही संकल्पना इथे नेमकी लागू पडते. ‘त्यात काय एवढे’ आणि ‘अरेरे’ ही दोन्ही उत्तरे टाळून ‘त्याबद्दल आता तुम्हाला कसे वाटते?’ असे विचारावे आणि थोडे थांबावे. ती गप्प राहिली, तर ती शांतता घाईने भरून काढू नये.

आजचा आजार ही त्या वेळच्या कृत्याची शिक्षा आहे, असे काही जणी मनात धरून असतात. अशा वेळी नुसता धीर पुरत नाही, खरी माहिती द्यावी लागते. १६ देशांतील ५३ अभ्यासांच्या २००४ मधील एकत्रित विश्लेषणात गर्भपातामुळे स्तनांचा कर्करोग होण्याचा धोका वाढल्याचे आढळले नाही. सुरक्षित व गुंतागुंत न झालेल्या गर्भपाताने सहसा वंध्यत्व येत नाही. मात्र असुरक्षित गर्भपातानंतरच्या जंतुसंसर्गाने गर्भनलिका बंद होऊ शकतात, हेही लपवू नये.

कर्मचाऱ्याची स्वतःची श्रद्धा वेगळी असू शकते. ती चेहऱ्यावर उमटणार असेल, तर काम सहकाऱ्याकडे सोपवणे प्रामाणिकपणाचे ठरते.

गुप्ततेकडे अधिक लक्ष द्यावे लागते. पती किंवा नातेवाईक खोलीत असताना हा प्रश्न विचारूच नये. तपासणीच्या निमित्ताने त्यांना बाहेर थांबवता येते, आणि गर्भपातासाठी तिच्यावर जबरदस्ती झाली होती का, हेही त्याच वेळी कळू शकते. रुग्णालयातील नोंद आणि घरी नेण्याचा कागद यांत फरक करावा. डिस्चार्ज कार्ड औषधांच्या वेळा पाहण्यासाठी घरातले कोणीही उघडते. त्यावर जुन्या गर्भपाताचा उल्लेख वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक वाटला, तर तो तिला विचारूनच लिहावा.