घारीची पकड आणि वटवाघळाचं लटकणं

संध्याकाळी पुण्याच्या झेड ब्रिजवर गाडी लावून बसणारे बहुतेक जण एकमेकांकडे नाहीतर मोबाइलकडे बघतात. वर बघणाऱ्याला आकाशातली पाळी बदलताना दिसते. घारी मुक्कामाच्या झाडांकडे परततात आणि अंधार दाटताना जवळपास त्याच मापाच्या काळ्या आकृत्या निघतात. ही फळखाऊ मोठी वटवाघळं. पंखांचा पसारा दोघांचाही सव्वा ते दीड मीटर. वजनात मात्र दीड किलोपर्यंत जाणारं वटवाघूळच भारी.

फरक उडण्यातच कळतो. घार पंख फारसे हलवत नाही. तापलेल्या जमिनीवरून चढणाऱ्या हवेवर ती तरंगते आणि दुभंगलेली शेपटी पिळत वळते. रात्री अशी हवा वटवाघळाला कुठून मिळणार? ते संथ, पण सतत पंख मारत जातं. शेपटी त्याला नसतेच.

पंखांची घडणही निराळी. घारीची बोटं आखूड होऊन एकमेकांत मिसळली आहेत; पंखाची रुंदी येते ती पिसांमुळे. वटवाघळाची चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबली आहेत आणि त्यांच्यामध्ये कातडीचा जिवंत पडदा ताणलेला आहे. अंगठा मोकळा, नखासकट. पीस झडलं तर नवं येतं, पडदा फाटला तर जखमेसारखा भरून येतो.

वटवाघळं आंधळी असतात, हा समज या मंडळींच्या बाबतीत तर अगदीच खोटा. आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढण्याची युक्ती किडेखाऊ वटवाघळांची. ही फळखाऊ मंडळी मोठे डोळे आणि तिखट नाक यांवरच पिकलेलं उंबर हुडकतात. फळ चावून रस गिळतात, चोथा थुंकतात, आणि पोटात गेलेल्या बारीक बिया उडता उडता दूरवर टाकतात. इतकं करूनही 1972च्या वन्यजीव कायद्यात त्यांची जागा उंदीर-घुशींच्या पंगतीत, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती! ती यादी 2022च्या दुरुस्तीने निघाली.

मला सगळ्यात गंमत वाटते ती पायांची. घारीच्या बोटांतली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, खालच्या बाजूने खरखरीत असते आणि तिच्याभोवतीच्या आवरणाला आतून आडव्या वळ्या असतात. बोटं मिटली, की खरखर वळ्यांत अडकते. वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीसारखंच, म्हणून पकड टिकवायला स्नायूंना फार राबावं लागत नाही. वटवाघळाच्या पायातही असंच कुलूप आहे, फक्त ते लागतं शरीराच्या वजनाने. दोघांचा सामाईक पूर्वज 30 कोटी वर्षांहूनही जुना, उडणं तर त्याच्या गावीही नव्हतं. एकाला उंदीर धरायचा होता, दुसऱ्याला दिवसभर उलटं झोपायचं होतं. कुलूप दोघांनी वेगवेगळं घडवलं.

उलटं राहण्याची एकच पंचाईत. लघवी अंगावर येऊ नये म्हणून वटवाघूळ अंगठ्यांच्या नखांनी फांदी धरतं, घटकाभर सुलटं होतं, आणि पुन्हा डोकं खाली.

विजेच्या तारांवर कधी कधी मेलेलं वटवाघूळ कित्येक दिवस लोंबताना दिसतं. पंख लांब असल्याने दोन तारांना एकदम स्पर्श होतो आणि शॉक बसतो. जीव जातो, पण वजन तसंच खाली ओढत राहतं, आणि कुलूप उघडायला कुणी उरलेलं नसतं.