पाच टक्क्यांची रेघ आली कुठून?

समष्टीची (ज्या सगळ्या समूहाबद्दल बोलायचं त्याची) सरासरी अमुक आहे हा दावा नमुन्यावरून तपासायचं गणित आता बी.एस्सी.च्या वर्गात तासाभरात उरकतं. दावा खरा असूनही तो चुकून नाकारला जाण्याची जोखीम त्यात बहुधा ५ टक्के धरतात; हा आकडा कुठून आला, हे मात्र बहुतेकदा सांगायचं राहून जातं.

१७१० साली लंडनच्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळून ‘दरवर्षी मुलगेच जास्त, हा योगायोग नव्हे’ असा युक्तिवाद झाला होता. पण तो सरासरीचा प्रश्न नव्हता. पुढच्या काळात मोठ्या नमुन्यांसाठी घंटेच्या आकाराचा प्रसामान्य वक्र हाताशी आला. अडचण होती ती छोट्या नमुन्यांची, आणि ती सुटली डब्लिनच्या एका बिअर कारखान्यात. तिथल्या तज्ज्ञाला बार्लीच्या चार-पाच चाचण्यांवरून निष्कर्ष काढावे लागत. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापू नये अशी मालकांची अट, म्हणून १९०८ चा त्याचा लेख ‘स्टूडंट’ या टोपणनावाने आला. लेखातलं सूत्र पडताळायला त्याने ३,००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे नीट पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. संगणक नसतानाचं हे सिम्युलेशनच.

हे काम का महत्त्वाचं, ते एका हिशोबात दिसतं. नमुन्याची सरासरी दाव्यापासून किती दूर गेली की दावा नाकारायचा, याची सीमा मोठ्या नमुन्यात १.९६ असते; नमुना चारचाच असताना तीच लावली, तर ५ टक्के समजून आपण प्रत्यक्षात १४ टक्क्यांच्या आसपास चुकीची जोखीम घेतो. खरी सीमा ३.१८२ आहे.

आता पाच टक्के. त्या काळी मोजमाप प्रमाण विचलनात (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापात) नव्हे, ‘संभाव्य त्रुटी’त होत असे: ज्या अंतराच्या आत निम्मी निरीक्षणं पडतात ते अंतर, म्हणजे प्रमाण विचलनाच्या ०.६७४५ पट. तिच्या तिप्पट फरक दिसला की तो दखलपात्र, असा रिवाज होता आणि १९०८ च्या लेखातही तोच आहे. तिप्पट म्हणजे २.०२ प्रमाण विचलनं, बाहेर उरतात सुमारे ४.३ टक्के. १९२५ साली इंग्लंडमधल्या एका शेती संशोधन केंद्रातल्या संख्याशास्त्रज्ञाने पाठ्यपुस्तक काढलं, त्यात हाच रिवाज झाडूनपुसून ‘५ टक्के, म्हणजे १.९६, जवळजवळ २’ असा आला. कारण दिलं ते सोयीचं. विसात एक पुरेसं वाटत नसेल त्याने पन्नासात किंवा शंभरात एक घ्यावं, असं त्यानेच वर्षभरात लिहिलं. पण पुस्तकातल्या टीच्या (छोट्या नमुन्यात सरासरीतला फरक मोजायच्या मापाच्या) तक्त्यात ०.०५, ०.०२, ०.०१ असे ठरावीक रकाने होते, आणि लोकांनी टिप्पणी सोडून रकाना उचलला. माझ्या मते या विषयाचं सगळ्यात जास्त नुकसान त्या तक्त्याच्या मांडणीने केलं.

त्याच पुस्तकातलं झोपेच्या दोन औषधांचं उदाहरण बघा. दहा रुग्ण, दोन औषधांतला सरासरी फरक १.५८ तास, टी = ४.०६. नऊ स्वातंत्र्यमात्रांना (दहा रुग्णांतून एक वजा) १ टक्क्याची सीमा ३.२५०. इथे कुठलीही रेघ घ्या, निकाल तोच.

१९३३ मध्ये दोघा संख्याशास्त्रज्ञांनी वेगळीच चौकट मांडली: पर्यायी परिकल्पना (मूळ दावा खोटा असेल तर काय खरं) आधी सांगा, दोन प्रकारच्या चुकांची किंमत तोला, मग पातळी ठरवा. १९२५ च्या पुस्तकवाल्याच्या गटाच्या लेखी शून्य परिकल्पना, म्हणजे तपासायचा मूळ दावा, कधीच ‘सिद्ध’ होत नाही. या दोघांच्या लेखी ‘स्वीकारणे’ हा पुढे कसं वागायचं याचा निर्णय, सत्याचा दाखला नव्हे. दोन्ही गट आयुष्यभर भांडले आणि क्रमिक पुस्तकांनी दोघांची खिचडी केली: पी-मूल्य (दावा खरा धरला तर इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) एकाचं, आधी ठरवलेली पातळी दुसऱ्याची. उत्तरपत्रिकेत ‘परिकल्पना स्वीकारली’ लिहावं की ‘नाकारता येत नाही’, यावर गुण कापले जातात ते या खिचडीमुळेच. पाच टक्क्यांचा जनक १९५६ साली लिहून गेला की वर्षानुवर्षं एकच ठरीव पातळी कुणी खरा संशोधक वापरत नाही. तोवर उशीर झाला होता.

अलीकडची गर्दी तर विचारू नका. २०१२ मध्ये कणभौतिकीवाल्यांनी नव्या कणाची घोषणा पाच सिग्मावर, म्हणजे पाच प्रमाण विचलनांच्या फरकावर, केली. २०१५ मध्ये एका मानसशास्त्रीय नियतकालिकाने पी-मूल्यच बंद केलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्याच्या गैरवापरावर निवेदन काढलं. २०१८ मध्ये ७२ जणांनी रेघ ०.००५ वर न्यायला सांगितलं, तर २०१९ मध्ये आठशेहून अधिक सह्यांनिशी ‘सार्थक’ हा शब्दच निवृत्त करायची मागणी झाली. टीच्या तक्त्यातला ०.०५ चा रकाना मात्र आहे तिथेच आहे.