बंदूक एकाची, परवाना दुसऱ्याचा? गोव्यातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

सत्तरी, सांगे, काणकोण भागात शेतीरक्षणाची बंदूक घरात असणं नवं नाही. रानडुकरं एका रात्रीत भाताची नासाडी करतात. त्यामुळे हा प्रश्न वारंवार निघतो: परवाना वडिलांचा, शेती बघतो मुलगा, तर बंदूक वडिलांनी घेऊन त्याच्या हाती दिली तर चालेल का? आखातातल्या भावाने पैसे पाठवले तर ती कुणाची? पैसे कुणी दिले याला शस्त्र कायद्यात फारसं वजन नाही. बंदूक कुणाच्या ताब्यात आहे आणि त्याच्या नावावर परवाना आहे का, हे आधी पाहिलं जातं.

ब्रिटिश हिंदुस्थानात 1878 चा शस्त्र कायदा होता. त्याच्या जागी आलेला 1959 चा कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला, म्हणजे गोवा मुक्तीनंतर वर्षभराच्या आत. 1983 च्या दुरुस्तीने माणशी तीन बंदुकांची मर्यादा घातली. 2019 मध्ये ती एकवर आणायचा प्रस्ताव होता, शेवटी दोन ठरल्या. वारशाने येणारी बंदूकही याच दोनांत मोजली जाते.

अमेरिकेत या प्रश्नाला वेगळं वळण आहे. तिथे दुकानातल्या फॉर्मवर ‘खरा खरेदीदार मीच’ असं लिहून द्यावं लागतं. एकाने आपल्या काकांच्या पैशांनी, काकांसाठी पिस्तूल घेतलं. काका स्वतः ते बाळगायला पात्र होते, तरीही 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला दोषी धरलं. स्वतःच्या पैशांनी घेऊन पात्र माणसाला खरीखुरी भेट देणं मात्र तिथे सहसा चालतं.

आपल्याकडे भेट द्यायची तरी घेणाऱ्याचा परवाना आधी हवा, आणि त्याचं वय 21 पूर्ण हवं. स्वतःची बंदूक विकायची किंवा द्यायची असेल तर शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि किमान 45 दिवस थांबायचं. घोळ होतो तो इथेच. स्टॅम्प पेपरवर बक्षीसपत्र केलं, नोटरीचा शिक्का घेतला आणि त्याच संध्याकाळी बंदूक देऊन टाकली, तर त्या कागदाने परवान्याची जागा भरून निघत नाही. समोरचा पात्र आहे का याची खात्री न करता शस्त्र हवाली करणं हा कलम 29 खाली देणाऱ्याचा गुन्हा आहे. बिनपरवाना ताब्यासाठी घेणाऱ्याला 2019 नंतर दोन ते पाच वर्षांची कैद होऊ शकते.

एक सवलत लोकांना ठाऊक नसते. दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक न्यायची असेल, तर परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस ती नेऊ शकतो. हे पत्र कामापुरतं असतं. त्यावर महिनोन्‌महिने बंदूक घरी ठेवता येत नाही.

गोव्यात सगळ्यात जास्त गुंता वारशाचा. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर इथल्या नागरी कायद्याने पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणून नवऱ्याची बंदूक अर्धी आपलीच असं बायकोला वाटणं साहजिक आहे. मालकीपुरतं ते बरोबरही असेल, पण परवाना व्यक्तीचा असतो आणि मृत्यूबरोबर संपतो. बंदूक विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. शक्य असेल तर विक्रेता निवडा, कारण ठाण्याच्या कोठीत ओलाव्याने नळी गंजते. मग वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा, बाकी वारसांच्या ना-हरकतीसह. भावंडांत इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसा वाटणीचा कोर्टातला वाद चालू असेल तर काम इथेच अडतं. म्हणून हयातीतच उरकलेलं उत्तम: 2016 च्या शस्त्र नियमांतल्या नियम 25 नुसार परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा बंदूक 25 वर्षं बाळगून झाली, यांतलं जे आधी घडेल तेव्हा, त्याने नेमलेल्या वारसाला परवाना मिळू शकतो.

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले, बोंडला यांच्या आसपास राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. अर्ज महिनोन्‌महिने का हलत नाही याची चौकशी करताना या संमतीसाठीचं पत्र गेलं का, हे आधी विचारा.