टॉवर चालू, नेटवर्क बंद

मोबाईलची रेंज गेली की कधी कधी पडद्यावर ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ अशा अर्थाची ओळ येते. बहुतेकांना वाटतं, संपलं, फोन गेला. खरं तर तोवर फोनने एक काम उरकलेलं असतं. स्वतःच्या कंपनीचा टॉवर मिळेना म्हणून त्याने दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचा टॉवर धरून ठेवलेला असतो. त्यावरून नेट चालणार नाही, घरी फोन लागणार नाही, पण ११२ हा आणीबाणीचा क्रमांक लावला तर लागू शकतो. ही सोय मोबाईलच्या जागतिक मानकांतच आहे. मात्र तिला एक अट आहे: आपला टॉवर हरवलाय, हे आधी फोनला कळलं पाहिजे.

ते न कळल्याने काय होतं, हे ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियाने पाहिलं. ऑप्टस ही तिथली दुसऱ्या क्रमांकाची मोबाईल कंपनी. पहाटे चारच्या सुमारास तिचं नेटवर्क देशभर बसलं आणि सुमारे एक कोटी ग्राहक जवळपास १४ तास अडकून पडले. कारण ऐकायला किरकोळ आहे. कुठला पत्ता कुठल्या वाटेने गाठायचा, याच्या याद्या राउटर, म्हणजे नेटवर्कमधली माहिती पुढे धाडणारी यंत्रं, एकमेकांना सतत पाठवत असतात. ऑप्टसची मूळ कंपनी सिंगटेल; तिच्या उत्तर अमेरिकेतल्या केंद्रात सॉफ्टवेअर बदललं गेलं आणि या याद्यांचा लोंढा ऑस्ट्रेलियाकडे आला. ठरावीक मर्यादेपलीकडे माहिती आली तर स्वतःला तोडून घ्यायचं, असं राउटरना शिकवलेलं होतं. सुमारे ९० राउटरनी तेच केलं.

इथवर हा नेहमीचा बिघाड. पुढचा भाग गंभीर आहे. मागची यंत्रणा मेली, तरी अनेक टॉवर, विशेषतः ३जीचे, हवेत सिग्नल सोडतच राहिले. तिकिटाची खिडकी उघडी, दिवा चालू, आत कारकूनच नाही, आणि रांग काही शेजारच्या खिडकीकडे सरकत नाही, तसा प्रकार. फोन ऑप्टसच्याच टॉवरला चिकटून राहिले. दुसऱ्या कंपनीचा धडधाकट टॉवर जवळ असूनही तिकडे वळले नाहीत. २,१४५ जणांचे ‘ट्रिपल झिरो’चे, म्हणजे तिथल्या ००० या आणीबाणीच्या क्रमांकाचे, कॉल लागले नाहीत. त्यांच्यापैकी ३६९ जणांची नंतर विचारपूसही झाली नाही. नियामक संस्थेने १.२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक दंड लावला.

सोळा महिने आधी, ८ जुलै २०२२ला, कॅनडात रॉजर्स कंपनीचं असंच झालं होतं. तिथेही कारण राउटरच्या याद्याच, आणि तिथेही ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करणारे टॉवर दिसत असूनही अडकले. म्हणजे धडा आधीच समोर होता.

सरकारी चौकशीने ऑस्ट्रेलियात सुचवलेला उपाय गमतीशीर वाटेल: मागचा दुवा तुटला की टॉवरने आपणहून गप्प बसावं. कंपनीला टॉवर बंद पाडायची सक्ती करणारा नियम! पण पूर्ण मेलेल्या नेटवर्कपेक्षा अर्धमेलं जास्त घातक असतं. धोक्याच्या सूचनांचंही तेच. पुराचा किंवा वादळाचा इशारा एकेकाला एसएमएस करून नव्हे, तर टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम पाठवता येतो. पण तो टॉवरपर्यंत मागच्या यंत्रणेतूनच येतो. दुवा तुटलेला टॉवर रेंज दाखवेल, इशारा मात्र देणार नाही.

तरी १८ सप्टेंबर २०२५ला ऑप्टसने नवाच प्रकार दाखवला. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणारी यंत्रणा, बदलताना चूक झाली आणि साधे कॉल व्यवस्थित चालू असताना फक्त ०००चे कॉल पडू लागले. टॉवर गप्प बसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण यंत्रणेच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. धोक्याची घंटा वाजली नाही. काही ग्राहकांनी कंपनीच्या कॉल सेंटरला फोन करून सांगितलं, पण ते वरपर्यंत पोहोचलंच नाही. सुमारे तेरा तास हे चाललं, साडेचारशेच्या आसपास कॉल वाया गेले आणि काही मृत्यूंशी या बिघाडाचा संबंध जोडला गेला.

माझ्या मते २०२३पेक्षा हा बिघाड जास्त बोलका आहे. ‘किती ग्राहकांची सेवा गेली’ या मापाने तो जवळपास शून्य भरतो. म्हणून आणीबाणीच्या कॉलची वाट वेगळी तपासावी लागते. काम संपलं की खरोखरचा चाचणी कॉल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावून पाहायचा आणि बिघाड कळताच पोलीस-रुग्णवाहिका यंत्रणेला सांगायचं. ऑस्ट्रेलियाचे नियम आता याच दिशेने गेले आहेत. ०००च्या सगळ्या साखळीवर नजर ठेवायला एक पालकही (‘कस्टोडियन’) नेमला आहे, कारण फोन बनवणारा, टॉवरवाला आणि कॉल उचलणारा हे तिघे आपापल्या जागी बरोबर असूनही मधली साखळी तुटू शकते. सॅमसंगच्या काही जुन्या फोनचं तसंच निघालं. गरज पडली तर दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून ०००चा कॉल त्यांना करताच येत नव्हता.

आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२४च्या नियमांनुसार एखाद्या जिल्ह्यात सेवा चार तासांहून जास्त बंद राहिली तर कंपनीने ते कळवायचं आणि बंद एका दिवसापलीकडे गेला तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा प्रीपेडची मुदत वाढवून द्यायची. रिचार्जच्या हिशेबाला हे ठीक आहे. पण छातीत कळ आलेल्या माणसासाठी चार तास हे माप लागूच पडत नाही, आणि ऑप्टसच्या २०२५च्या बिघाडात तर सेवा ‘बंद’ नव्हतीच. इथे तसं घडलं, गडचिरोलीत साधे कॉल चालू राहून फक्त ११२ पडू लागला, तर हे माप त्याला पकडणार नाही.