‘क्लासला ट्रम्पेट शिकतो आणि घरी येऊन नुसती फुरफुर करतो!’
पालकांसाठी माहितीपत्रक : ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि युफोनियमचे वर्ग, नौपाडा, ठाणे

ही तक्रार इतक्यांदा ऐकली, की उत्तर छापूनच देतो आहोत. ती फुरफुर आम्हीच शिकवली आहे.

तिला फ्लटर टंगिंग म्हणतात. फुंकता फुंकता जीभ ‘र्र्र’ अशी थरथरवायची. आपल्या मुलांना ‘र’ घोळवायची सवय असते, त्यामुळे हे लवकर जमतं. विसाव्या शतकातल्या रचनाकारांनी ब्रास (फुंकून वाजवायच्या पितळी) वाद्यांकडून धुनेबरोबरच श्वास, गुरगुर, कुजबुज असं बरंच काही मागितलं. जाझवाले तर गुरगुर आधीपासूनच करत होते. इटालियन रचनाकार लुचानो बेरिओ यांच्या 1966 सालच्या ‘सिक्वेंझा पाच’ या रचनेत ट्रॉम्बोनवादकाला वाजवता वाजवता गावंही लागतं.

हे वाजवताना गाणं मात्र खरंच अवघड. वाद्यातून सा धरायचा आणि त्याच वेळी गळ्यातून वरचा पंचम. दोन्ही सुरात लागले, तर कोणीही न वाजवलेला तिसरा स्वर ऐकू येतो. गळा जरा घसरला की तो स्वर गढूळ होतो, म्हणजे चूक मुलाला स्वतःलाच कळते. कानाच्या तयारीसाठी याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

‘याने मूळ आवाज बिघडेल का?’ पाया कच्चा असेल, तर हो. म्हणून लांब स्वर स्थिर लागेपर्यंत यातलं काही शिकवत नाही. पुढेही तासाची शेवटची दहा मिनिटंच याला देतो. ओठ दुखले की थांबायचं. माउथपीस ओठांवर दाबून रेटलेला रियाज आम्हाला चालत नाही. ग्रेड परीक्षेच्या रचना नेहमीप्रमाणे होतात.

फक्त वरातीतली गाणी हवी असली, तरी यावं. व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) अर्धाच दाबून सूर घसरवायची युक्ती त्या गाण्यांतही खुलते.

सोसायटीत आवाजाचा त्रास होत असेल, तर प्रॅक्टिस म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवायचं, आवाज दाबणारं बूच) घ्या. पण त्याने फुंकायला जोर जास्त लागतो आणि सूरही थोडा हलतो, म्हणून निम्मा रियाज त्याच्याशिवाय करावा. दुपारी दोन ते चार वाद्य पेटीतच राहू द्या.

पुढचे कायमचे दात आल्यावरच प्रवेश देतो. दातांना तार असेल, तर आधी दंतवैद्यांना विचारा. पहिला तास मोफत आहे. वाद्य क्लासचं मिळेल, रुमाल आणि पाण्याची बाटली घरून आणावी.