चणे धुतले, मीठ गेलं का?

आई सध्या आमच्याकडे न्यू जर्सीला आली आहे. तिला रक्तदाबाची गोळी सुरू आहे. परवा तिने चौघांसाठी छोले केले आणि समाधानाने म्हणाली, "आज मीठ अर्धाच चमचा घातलंय हो." घातलं होतं खरंच तेवढंच. पण ओट्यावर रिकामे कॅन होते, दोन काबुली चण्यांचे आणि एक टोमॅटोचा. घरी केलं म्हणजे मीठ आपल्या हातात, हा आपल्या सगळ्यांचा समज तिथेच चुकतो.

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यातल्या सोडियमचा अणुभार 23, क्लोरिनचा 35.5. म्हणजे मिठाच्या वजनात सोडियम साधारण 39 टक्के. आईचं अर्धा चमचा मीठ 3 ग्रॅम, त्यात सोडियम सुमारे 1,180 मिलिग्रॅम. आता चण्याचा कॅन बघा. वजन 439 ग्रॅम आणि 130 ग्रॅमच्या एका सर्व्हिंगमध्ये 380 मिलिग्रॅम सोडियम. लोक हा 380 चा आकडा वाचतात आणि कॅन अख्खा ओततात! पूर्ण कॅनचा हिशेब जवळपास 1,300 होतो, दोन कॅनचा 2,600. टोमॅटोच्या कॅनचे आणखी 750. एकूण 4,530 मिलिग्रॅम, म्हणजे माणशी 1,130. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरासाठी 2,000 मिलिग्रॅमहून कमी सांगते, आणि इथे एका वाटी भाजीतच निम्म्याहून जास्त संपले. आईने हाताने घातलेलं मीठ या सगळ्याच्या जेमतेम पाव हिश्शाएवढं होतं.

हा हिशेब मांडता येतो याचं कारण फार सुंदर आहे. पातेल्यातलं पाणी वाफ होऊन जातं, सोडियम जात नाही. उकळा, परता, आटवा, जेवढं आत गेलं तेवढंच शेवटी पातेल्यात उरतं. म्हणून घटकांची बेरीज करायची आणि जेवणाऱ्यांनी भागायचं. चवीवर भरवसा ठेवू नये, कारण आंबट-तिखटाच्या गर्दीत मीठ नेमकं किती ते जिभेला कळत नाही.

"मग चणे धुऊन घेतले असते," आई म्हणाली. बरोबर, पण किती फरक पडतो? 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनमधल्या कडधान्यांचं फक्त पाणी काढून टाकल्यावर सोडियम सरासरी 36 टक्के कमी झालं. वरून नळाखाली धुतल्यावर 41 टक्के. म्हणजे धुण्याने भर पडली ती फक्त पाच टक्क्यांची. असं का?

कॅन महिनोन्‌महिने फळीवर असतो. तेवढ्या वेळात मीठ दाण्याच्या आत शिरतं आणि आतल्या-बाहेरच्या पाण्याचा खारटपणा सारखा होतो. त्यामुळे पाणी ओतून देताना त्या पाण्याच्या वाट्याचंच मीठ जातं. दाण्यातलं आतच राहतं. ते बाहेर यायचं तर विसरणाने, म्हणजे जास्त खारट जागेकडून कमी खारट जागेकडे आपोआप पसरत, आणि विसरणाचा स्वभाव मोठा हट्टी आहे. सोडियमचा आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेला त्याचा विद्युतभारित कण, सरळ चालत नाही. पाण्याचे रेणू त्याला सेकंदाला अब्जावधी वेळा इकडेतिकडे ढकलतात. पुढे गेलेला मागे येतो, मागचा बाजूला जातो. अशा भरकटण्यात अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दुप्पट लांब पोचायला चौपट वेळ लागतो, दहापट लांब जायला शंभरपट. अडॉल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1855 साली विसरणाचे नियम मांडले, आणि आइन्स्टाइनने 1905 साली या भरकटण्याचं गणित दाखवलं.

साध्या पाण्यात मिठाचा विसरण गुणांक, म्हणजे ते किती झपाट्याने पसरतं याचं माप, सेकंदाला साधारण 0.0015 चौरस मिलिमीटर. नळाखाली तीस सेकंद धरले तर गुणाकार 0.045, त्याचं वर्गमूळ सुमारे 0.2 मिलिमीटर. अर्ध्या मिनिटात दाण्याची फक्त कातडी धुतली जाते! पाच मिलिमीटर आतल्या गाभ्यातून मीठ यायचं तर 25 भागिले 0.0015, म्हणजे साडेचार तासांहून जास्त. दाण्यात पेशींच्या भिंती आणि स्टार्च आडवे येतात, त्यामुळे प्रत्यक्षात आणखीच. गरम पाण्यात हा वेग बराच वाढतो. म्हणून चणे साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळून ते पाणी फेकणं हे धुण्यापेक्षा कितीतरी उपयोगी. तेच चणे रश्शात उकळले तर मीठ नुसतं चण्यातून रश्शात जातं, आणि रस्सा आपण पितोच.

आमटी खारट झाली की कणकेचा गोळा टाकतात, त्याचंही हेच. गोळा खारट पाणी पितो, त्यातलं मीठ वेचून घेत नाही. आमटी कमी होते, उरलेली तेवढीच खारट राहते. वरून पाणी आणि डाळ वाढवली तरच उपयोग. आणि सैंधव घातल्याने रक्तदाबाला चालतं, हे जे फॉरवर्ड होऊन येतं, ते तर धोकादायक आहे. सैंधवही बहुतांश सोडियम क्लोराइडच. वर त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं.

कॅन टिकवायला मीठ लागतं, हाही गैरसमज. बंद कॅन टिकतो तो उष्णतेने. मीठ चवीसाठी असतं. म्हणूनच "नो सॉल्ट ॲडेड" लिहिलेले चणे आणि टोमॅटो शेजारच्याच फळीवर मिळतात आणि तेवढेच टिकतात. "रिड्यूस्ड सोडियम" मात्र जपून घ्या. नेहमीच्या मालापेक्षा किमान 25 टक्के कमी एवढाच त्याचा अर्थ.

रविवारी आईने पुन्हा छोले केले. टोमॅटो मीठ न घातलेले, चणे जुन्याच कॅनचे, पण पाणी ओतून, धुऊन, साध्या पाण्यात उकळून घेतलेले. वरून पाव चमचा मीठ आणि जरा जास्त आमचूर. चणे उकळल्याने नक्की किती गेलं ते मोजायला घरी साधन नाही, म्हणून मी फक्त धुण्याचे 41 टक्के वजा केले. माणशी 530 मिलिग्रॅम आले. आईने तो आकडा फ्रिजवरच्या कागदावर लिहिला आणि त्याखाली आधीचा, 1,130.