बऱ्हाणपूर : दर्शनस्थळे व खाद्यपरंपरा

ऐतिहासिक खानदेशाची राजधानी आणि सध्या मध्य प्रदेशातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. हे शहर तापीच्या उत्तर काठावर, भुसावळ–खंडवा लोहमार्गावर वसले आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते महाराष्ट्राबाहेर असले, तरी येथील बाजार, केळीच्या बागा आणि घरांतील स्वयंपाक यांचा विचार जळगाव जिल्ह्यातील रावेर–यावल पट्ट्यापासून तोडून करता येत नाही.

शहर फारुकी वंशातील नसीरखानाने वसविले आणि त्यास सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले, याविषयी दुमत नाही. स्थापनेच्या सालाविषयी मात्र आहे. काही ठिकाणी १३८८ हे साल दिलेले आढळते, परंतु नसीरखान १३९९ मध्ये सत्तेवर आला असल्याने १४०० च्या सुमाराचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. नसीरखानाने जवळचा असीरगड किल्ला जिंकल्यावर बुऱ्हानुद्दीनांचे शिष्य शेख झैनुद्दीन स्वतः दौलताबादेहून त्याच्या भेटीस आले व त्यांच्या सांगण्यावरून दोन्ही काठांवर दोन नगरे वसविली गेली, ही कथा इतिहासग्रंथांतही शिरली आहे. झैनुद्दीन हे चौदाव्या शतकातच, या घटनेच्या बऱ्याच आधी निवर्तले असल्यामुळे ती शब्दशः घेता येत नाही. समोरच्या काठावरील झैनाबाद हे नाव तेवढे त्यांची आठवण राखून आहे.

दर्शनस्थळांत जामा मशीद अग्रगण्य आहे. आदिलशाह फारुकी (राजा अलीखान) याने ती बांधली. तिच्यातील अरबी लेखाशेजारी संस्कृत लेख असून त्यात सृष्टिकर्त्याला वंदन, फारुकी राजांची वंशावळ आणि पंचांगानुसार शके १५११ मधील मिती दिली आहे. मशिदीत पंचांग पाहून कोरलेली मिती वाचणे हा अनुभव अभ्यासकाने चुकवू नये. १६०१ मध्ये असीरगड घेतल्यानंतर अकबरानेही येथे आपला फार्सी लेख कोरविला. शाही किल्ल्यातील हमामाच्या (स्नानगृहाच्या) छतावर रंगीत चित्रकाम अद्याप दिसते. त्या चित्रांतील एका इमारतीत ताजमहालाचे पूर्वरूप आहे असे वाटाडे सांगतात, त्यास आधार नाही. मुमताजमहल मात्र येथेच जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात निवर्तली. तिला प्रथम झैनाबादच्या बागेत पुरले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अवशेष आग्र्यास नेण्यात आले. मोगल सरदार शाहनवाजखानाची कबर, मिर्झाराजे जयसिंहांची छत्री (ते १६६७ मध्ये येथे वारले), दाऊदी बोहऱ्यांची दर्गाह-ए-हकीमी आणि गुरू गोविंदसिंगांच्या १७०८ मधील मुक्कामाशी निगडित गुरुद्वारा ही अन्य स्थळे होत.

लालबाग भागातील कुंडी भंडारा या भूमिगत जलयोजनेचा स्वतंत्र विचार करावा लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत जाते. ते वाटेत अडविण्यासाठी एका ओळीत विहिरी, म्हणजे कुंड्या, खणून त्या भुयाराने जोडल्या आणि भुयारास इतका बेताचा उतार दिला की मोटेवाचून पाणी शहराकडे वाहत येई. इराणातील कनात पद्धतीशी हिचे साम्य उघड आहे. योजना मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळची, साधारणपणे १६१५ ची मानतात. तिचा आखणीकार म्हणून ‘तबकतुल अर्ज’ नावाचा इराणी भूशास्त्रज्ञ सांगितला जातो. या शब्दांचा अर्थच ‘भूमीचे थर’ असा असल्याने शास्त्राचे नाव पुढे व्यक्तीला चिकटले असावे, अशी शंका घेण्यास जागा आहे. ‘खुनी भंडारा’ हे रूढ नाव कोणी पाण्याच्या लालसर रंगाशी जोडतात, परंतु ‘कुंडी’चा अपभ्रंश ही व्युत्पत्ती अधिक सरळ दिसते. हे स्थळ २०२४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहे.

खाद्यपदार्थांत माव्याची जिलेबी, तसेच रवा, साखर व तूप घोटून पांढरा करीत नेलेला दराबा प्रसिद्ध आहेत. मांड्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. येथील मांडे म्हणजे हातांवर झेलत रुमालाएवढे पातळ केलेली आणि पालथ्या भांड्यावर भाजलेली बिनपुरणाची पोळी असून ती रश्श्याबरोबर खातात. ती मोगल लष्कराच्या मुदपाकखान्यातून आली, असे स्थानिक लोक मानतात. परंतु बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मंडक’ आढळतो. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची आख्यायिका ज्या मुक्ताबाईंची, त्यांचे समाधिस्थान याच खानदेशात मुक्ताईनगर परिसरात आहे. आणि खापरावर पुरणाचे मांडे करण्याची कला खानदेशी घरांत आजही जिवंत आहे. तेव्हा लष्कराने पुरण काढून आकार वाढविला आणि खापर मात्र आधीच चुलीवर होते, असे मानणे सयुक्तिक ठरेल. शेवभाजी आणि हिवाळ्यातील भरीत यांविषयी खानदेशी वाचकास सांगणे नलगे.

रात्रीच्या करमणुकीविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. रमजानच्या दिवसांत जुन्या शहरातील खाण्याची दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात. पूर्वीच्या मैफलींची स्मृती हिराबाई ऊर्फ झैनाबादी या गायिकेच्या कथेत उरली आहे. झैनाबादेतील आहूखान्याच्या (हरणे राखण्याच्या) बागेत तिने आंबा तोडला आणि ते पाहून शाहजादा औरंगजेब भुलला, अशी ही कथा आहे. प्रसंग त्याच्या दख्खनच्या सुभेदारीतील असला, तरी सालाबाबत एकमत नाही. आहूखान्याचे भग्न अवशेष नदीपलीकडे असून ते दिवसाउजेडीच पाहावे लागतात.